पाच पट्ट्यांची खार : गृहसंगोपनातील अडचणी व त्यांची कारणे

वाशिम जिल्ह्यातील गावांत खार हा प्राणी कोणासही अपरिचित नाही. गढीच्या पडक्या भिंती, घरांवरील कवेलूंची छपरे, देवळासमोरील पिंपळ, शेताच्या धुऱ्यावरील बाभूळ व कडुनिंब या सर्व ठिकाणी तिचा संचार असतो. सेतुबंधनाच्या वेळी श्रीरामाने पाठीवरून हात फिरविल्यामुळे तिच्या अंगावर पट्टे उमटले, ही कथा घरोघरी सांगितली जाते. या कथेमुळे खारीविषयी लोकमानसात एक प्रकारची आपुलकी निर्माण झाली आहे. साहजिकच, उन्हाळ्याच्या अखेरीस वादळवाऱ्यात एखादे घरटे उद्ध्वस्त झाले आणि त्यातील पिलू अंगणात पडलेले आढळले, की ते घरात आणून वाढविण्याची इच्छा होते.

या इच्छेमागील हेतू निर्मळ असला, तरी तिचा परिणाम बहुधा सुखद होत नाही. पुष्कळशी पिले पहिल्या काही दिवसांतच दगावतात. जी जगतात त्यांच्यापैकी काहींचे मागचे पाय लुळे पडतात. आणि जी निरोगी राहतात ती वयात येताच चावरी होतात. पिलू दगावले तर ‘त्याचे आयुष्यच तेवढे होते’ असे म्हटले जाते, आणि ते चावू लागले तर खारीस कृतघ्न ठरविले जाते. ही दोन्ही स्पष्टीकरणे असमाधानकारक होत. खारीच्या संगोपनात येणाऱ्या अडचणी या मायेच्या अभावामुळे किंवा केवळ अनुभवाच्या अभावामुळे उद्भवत नाहीत. त्यांतील प्रत्येक अडचण प्राण्याच्या शरीररचनेत व त्याच्या जातीच्या इतिहासात रुजलेली आहे. ती कशी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्राण्याची ओळख

वाशिमच्या गावांतून सर्वत्र दिसणारी खार ही पाच पट्ट्यांची खार होय. तिचे शास्त्रीय नाव फ्युनॅम्ब्युलस पेनॅन्टाय. हे नाव रॉबर्ट चार्ल्स रॉटन या प्राणिशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये दिले. रॉटन हे मूळचे मुंबई इलाख्यातील वनाधिकारी. पुढे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने हाती घेतलेल्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणाचे आरंभीचे अहवाल त्यांनीच लिहिले आणि त्या अहवालांत खानदेश व वऱ्हाड या प्रदेशांचा समावेश होता. योगायोग असा, की ज्या वर्षी या खारीस शास्त्रीय नाव मिळाले त्याच १९०५ साली वऱ्हाडातील जुना वाशिम जिल्हा मोडण्यात आला. आजचा जिल्हा अकोला जिल्ह्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला.

दक्षिण भारतात आढळणारी तीन पट्ट्यांची खार ही हिची जवळची नातेवाईक असून तिचे नाव लिनियसने १७६६ मध्ये दिले होते. पाठीवरील तीन फिकट पट्टे दोन्ही जातींत समान असतात. उत्तरेकडील जातीच्या दोन्ही बगलांवर आणखी एकेक फिकट पट्टा असतो. तीन पट्ट्यांची खार प्रामुख्याने झाडीत राहते, तर पाच पट्ट्यांच्या खारीस माणसांच्या वस्तीचा शेजार मानवतो. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हाही खारींच्याच कुलातील असला, तरी तो आकाराने कितीतरी मोठा व घनदाट अरण्यातील प्राणी आहे. त्याचा येथे विचार केलेला नाही.

वस्तीचा शेजार मानवणे आणि पाळीव असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चिमणी घराच्या आढ्यात घरटे करते म्हणून तिला कोणी पाळीव पक्षी म्हणत नाही. खारीच्या बाबतीत मात्र हा भेद सहज नजरेआड होतो, आणि पुढील अडचणींचा उगम तेथेच होतो.

पिलाची पहिली निगा

मादी दोन ते चार पिलांना जन्म देते. घरटे गवत, सुतळीचे धागे, चिंध्या यांचे असते; कापसाच्या या प्रदेशात त्यास कापसाचे अस्तर मिळते. जन्मतः पिलू केसहीन व आंधळे असते. त्याचे डोळे सुमारे तीन आठवड्यांनी उघडतात आणि आईचे दूध सुटण्यास दहा आठवड्यांच्या आसपास काळ लागतो. प्रौढ खारीचे वजनही १०० ग्रॅमच्या आसपासच असते. यावरून नवजात पिलाच्या नाजूकपणाची कल्पना येईल.

अशा पिलास स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. लहान प्राण्याच्या शरीराचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने मोठा असतो आणि उष्णता त्वरेने निघून जाते. घरट्यात ही उणीव आईची ऊब, भावंडांचे सान्निध्य व कापसाचे अस्तर भरून काढतात. पिलू घरी आणणाऱ्याच्या मनात पहिला विचार दुधाचा येतो. वास्तविक पहिली गरज उबेची असते. थंड पडलेल्या शरीरात पचनक्रिया मंदावते आणि पोटात गेलेले दूध तसेच साचून नासते. म्हणून कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिलाजवळ ठेवणे आणि ते पुरेसे उबदार झाल्याशिवाय त्याच्या मुखात काहीही न घालणे, हा क्रम पाळावा लागतो.

दुधाचा प्रश्न त्यानंतरचा. गाईच्या दुधात स्निग्धांश ४ टक्क्यांच्या आसपास असतो. खारीच्या दुधात स्निग्धांश व प्रथिने यांचे प्रमाण त्याहून पुष्कळ अधिक व दुग्धशर्करेचे प्रमाण कमी असते. गाईच्या दुधात पाणी मिसळून ते ‘हलके’ करण्याची जी पद्धत आहे, तिने पिलाची उपासमार अधिकच वाढते. दुग्धशर्करा न पचल्यामुळे हगवण लागते ती वेगळीच. दूध पाजण्याची रीतही तितकीच महत्त्वाची. पिलू उताणे धरून कापसाच्या बोळ्याने किंवा पिचकारीने दूध सोडल्यास ते श्वासनलिकेत उतरते व फुप्फुसदाह होतो. पिलाचे पोट खाली व मान किंचित उंच ठेवून, थेंबाथेंबाने व त्याच्या चोखण्याच्या गतीनेच दूध द्यावे लागते.

आणखी एक गोष्ट सामान्यतः ठाऊक नसते. अगदी लहान पिलास आपण होऊन मलमूत्रविसर्जन करता येत नाही. मादी जिभेने चाटून ती क्रिया घडवून आणते. माणसाने हे काम ओल्या मऊ कापसाने प्रत्येक वेळी दूध पाजताना करावयाचे असते. ते न झाल्यास पोट फुगते व पिलू दगावते. दिवसरात्र दर दोन-तीन तासांनी हा सर्व खटाटोप काही आठवडे चालविणे किती कुटुंबांस शक्य आहे, याचा विचार पिलू उचलण्यापूर्वीच व्हावयास हवा.

आहार व अस्थींचे विकार

दूध सुटलेली खार शेंगदाणे आवडीने खाते. घरात शेंगदाणे सदैव उपलब्ध असतात आणि खार पुढील दोन्ही पायांत दाणा धरून खाते ते दृश्य मनोवेधक असते. त्यामुळे तिचा सारा आहार हळूहळू शेंगदाण्यांपुरता मर्यादित होतो. याचा परिणाम हाडांवर होतो.

१०० ग्रॅम शेंगदाण्यांत कॅल्शियम सुमारे ९० मिलिग्रॅम, तर फॉस्फरस सुमारे ३५० मिलिग्रॅम असतो. म्हणजे दोहोंचे प्रमाण साधारणतः एकास चार असे पडते. वाढत्या प्राण्यास मात्र कॅल्शियम फॉस्फरसाच्या निदान बरोबरीने, शक्यतो अधिक, मिळावे लागते. आहारात कॅल्शियम अपुरे व फॉस्फरस अधिक झाला, की परावटू ग्रंथींचा स्राव वाढतो आणि रक्तातील कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी तो हाडांतून काढून घेतला जातो. रक्ताचा हिशेब अशा रीतीने जमतो, परंतु सांगाडा दुबळा होतो. प्रथम खार सुस्त होते, उडी मारण्याचे टाळते. मग मागचे पाय ओढीत चालते. शेवटी क्षुल्लक उडीनेही हाड मोडते. घरच्या माणसांस हा ‘लकवा’ वाटतो. वस्तुतः तो कॅल्शियमच्या अभावाचा विकार असतो आणि वेळीच ओळखल्यास पशुवैद्यकीय उपचारांनी सुधारू शकतो.

जिल्ह्याचे मुख्य पीक असलेले सोयाबीन हा यावर उपाय नव्हे. त्यातही फॉस्फरसाचे प्रमाण कॅल्शियमच्या दुपटीहून अधिक असते. शिवाय कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे द्रव्य असते. याउलट शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम १०० ग्रॅममागे ४४० मिलिग्रॅमच्या घरात व फॉस्फरस त्या मानाने अगदी थोडा असतो. रानातील खार केवळ बिया खात नाही. कोवळे कोंब, कळ्या, फुले, फळे, साल व कीटकही खाते. तिच्या आहाराचा समतोल या विविधतेतून साधला जातो.

कॅल्शियमचे शोषण होण्यास ‘ड’ जीवनसत्त्व लागते आणि ते सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे त्वचेत तयार होते. हे किरण खिडकीच्या साध्या काचेतून आत येत नाहीत. काचेआड उजेडात ठेवलेला पिंजरा माणसास प्रकाशमान दिसला, तरी या दृष्टीने तो अंधारातच असतो. उलटपक्षी, वैशाखात पिंजरा टिनाच्या छताखाली किंवा थेट उन्हात ठेवल्यास, पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या या प्रदेशात खार उष्माघाताने मरते. रानातील खार दुपारी पानांच्या सावलीत निजते. ऊन व सावली यांची निवड तिच्या स्वाधीन असते. पिंजऱ्यात हीच निवड हिरावली जाते.

दात

खार हा कृंतक वर्गातील प्राणी आहे. तिचे वरचे व खालचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात. त्यांच्या पुढील बाजूस कठीण एनॅमलचा नारिंगी थर असतो आणि मागील बाजू त्या मानाने मऊ असते. कुरतडताना मागील बाजू लवकर झिजते, त्यामुळे दातास किकऱ्याप्रमाणे धार राहते. वाढ आणि झीज यांचा तोल सांभाळला जाणे ही या रचनेची अट आहे.

म्हणून खारीचे कुरतडणे ही खोड नसून शरीराची गरज आहे. मऊ भात, पोळी, बिस्किटे यांवर वाढलेल्या खारीचे दात झिजत नाहीत. ते वाकडे वाढून टाळूत किंवा ओठात रुततात व समोर अन्न असून ती उपाशी राहते. दुसरीकडे, कुरतडण्यास योग्य वस्तू न मिळाल्यास ती दाराची चौकट, कपडे, पुस्तके आणि विजेच्या तारा यांकडे वळते. बाभूळ किंवा कडुनिंबाच्या सालीसह ताज्या फांद्या आणि फोडावयास कठीण कवचाच्या बिया देणे हा यावरील सोपा उपाय होय. पिंजऱ्याच्या लोखंडी गजांवर दात घासणे मात्र घातक असते, कारण त्याने दात तुटतात.

हाताळणी

खारीस शेपटीने कधीही उचलू नये. अनेक कृंतकांप्रमाणे तिच्या शेपटीची त्वचा सैल असते आणि ओढ बसताच ती सालीसारखी सुटून येते. शत्रूच्या तोंडी शेपूट सापडली असता प्राण वाचावा, हा या रचनेचा उपयोग. परंतु सुटलेली त्वचा पुन्हा येत नाही व उघडा पडलेला भाग झडतो. तोल सांभाळण्यास शेपूट अत्यावश्यक असल्याने ही हानी कायमची ठरते.

वरून झडप घालून पकडणे हेही चुकीचे होय. खारीच्या अनुभवात वरून येणारी वस्तू म्हणजे शिक्रा किंवा घार. माणसाचा हात तशाच रीतीने आला, तर ती चावते आणि त्यात तिचा दोष नसतो. पकडणे भागच असेल, तर जाड फडके पसरून सावकाश झाकावे व दोन्ही ओंजळींत संपूर्ण शरीराला आधार द्यावा. छाती आवळली जाणार नाही याची दक्षता घ्यावी, कारण एवढ्या लहान प्राण्याचा श्वास थोड्याशा दाबानेही कोंडतो. दंश झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने धुऊन वैद्यकीय सल्ला घ्यावा. खारीच्या दंशाने रेबीज होण्याचा संभव अत्यल्प मानला जातो. तथापि जखम खोल असते आणि धनुर्वात व पू यांचा धोका राहतो.

मोकळ्या सोडलेल्या खारीस घरातील वस्तू शत्रूइतक्याच भयंकर ठरतात. फिरता पंखा, दाराची फट, उन्हाळ्यात पाण्याने भरलेली कूलरची टाकी, चुलीवरील उकळते भांडे आणि शेजारचे मांजर यांपैकी कशाचेही भय तिला जन्मतः नसते किंवा माणसाच्या सहवासात ते उरत नाही.

माणसाळणे आणि पाळीव होणे

येथवर वर्णिलेल्या अडचणींवर ज्ञान व परिश्रम यांनी मात करता येईल, असे कोणी म्हणू शकेल. परंतु शेवटची अडचण वेगळ्या स्वरूपाची आहे. सहा ते आठ महिन्यांची झाल्यावर खार प्रजननक्षम होते. तोपर्यंत खांद्यावर बसणारी, खिशात झोपणारी ती खार एकाएकी हातावर धावून येऊ लागते, ठराविक कोपऱ्याचे रक्षण करते, बाहेर पडण्यासाठी तासन्‌तास धडपडते. घरच्यांस हा स्वभावातील बिघाड वाटतो. वस्तुतः हाच तिचा स्वभाव होय. अगोदरची लडिवाळ वृत्ती हे केवळ बाल्य होते.

माणसाळणे हे एका प्राण्याच्या आयुष्यात घडते, तर पाळीव होणे ही संपूर्ण जातीच्या पिढ्यांमध्ये घडणारी गोष्ट आहे. हा भेद स्पष्ट करणारा प्रयोग सोव्हिएत शास्त्रज्ञ दमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये सैबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथे सुरू केला. रुपेरी कोल्ह्यांच्या प्रत्येक पिढीतून माणसास सर्वांत कमी घाबरणारे व न चावणारे प्राणी निवडून त्यांचीच पैदास करण्यात आली. काही पिढ्यांतच शेपूट हलवीत माणसाजवळ येणारे कोल्हे जन्मू लागले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की हा बदल निवडीतून घडला. एकेका कोल्ह्यावर केलेल्या मायेतून नव्हे. प्रयोगशाळेतील पांढरा उंदीर शांत असतो तोही अशाच निवडीमुळे. खारीच्या बाबतीत अशी निवड कोणी केलेली नाही. घरात वाढलेली प्रत्येक खार ही रानटी मातापित्यांचे अपत्य असते आणि तिच्यापासून पाळीव प्राण्याच्या वर्तनाची अपेक्षा करणे शास्त्रदृष्ट्या निराधार आहे.

हीच खार माणसाच्या कवेतून सुटून परमुलखात गेली की काय होते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. १८९८ मध्ये पर्थ येथील प्राणिसंग्रहालयातून बाहेर पडलेल्या पाच पट्ट्यांच्या खारींनी त्या परिसरात आपली वस्ती स्थापन केली. ज्या प्राण्यास पिंजऱ्यात जगविणे इतके कठीण, तोच मोकळ्या झाडांवर पिढ्यान्‌पिढ्या फोफावला. खारीचे शरीर कशासाठी घडले आहे, याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही.

कायदा आणि कर्तव्य

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये पाच पट्ट्यांची खार चौथ्या अनुसूचीत समाविष्ट होती. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली. त्यानंतरही तिचे संरक्षण कायम आहे. या अधिनियमाच्या कलम ९ ने शिकारीस मनाई केली असून ‘शिकार’ या संज्ञेत वन्य प्राण्यास पकडणे याचाही अंतर्भाव होतो. कलम ३९ नुसार शासनाची मालमत्ता ठरणारा वन्य प्राणी ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे खबर द्यावी लागते. म्हणून खार हौसेने पाळता येत नाही. जखमी किंवा अनाथ पिलास तात्पुरता आधार देणे आणि ते योग्य हाती सोपविणे एवढेच नागरिकाचे काम उरते.

परंतु पडलेले प्रत्येक पिलू अनाथ असते असे समजणे चूक आहे. माणसाचा स्पर्श झाल्यास आई पिलास टाकते ही समजूत निराधार आहे. मादी पिलास तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेऊ शकते व नेते. पिलू जखमी नसल्यास ते उबदार करून कापूस घातलेल्या उघड्या टोपलीत, त्याच झाडाच्या बुंध्याशी सावलीत, मुंग्या व मांजर पोहोचणार नाहीत अशा उंचीवर ठेवावे आणि माणसांनी दूर व्हावे. दिवस मावळेपर्यंत मादी न आल्यास किंवा पिलू जखमी असल्यास वनविभाग व पशुवैद्यक यांची मदत घ्यावी. पशुवैद्यकाचे उच्चशिक्षण देणारी संस्था शेजारच्या अकोला येथे आहे, हे या दृष्टीने सोयीचे होय. वाढविलेले पिलू सोडावयाचे असेल, तर एकाएकी रानात न सोडता, झाडाखालील पिंजऱ्याचे दार काही दिवस उघडे ठेवून व अन्न तेथेच देत, क्रमाक्रमाने मोकळे करावे लागते.

सारांश, खारीच्या संगोपनातील अडचणी या सुट्या सुट्या अडचणी नव्हेत. न थांबणारे दात, सुटणारी शेपूट, विविध आहाराची गरज, ऊन-सावलीची निवड आणि वयात येताच जागे होणारे स्वातंत्र्य ही सर्व झाडावरील जीवनाची अंगे आहेत. झाडावर असताना ती गुण असतात. पिंजऱ्यात तीच दोष भासतात. या प्राण्याविषयी वाटणारी आपुलकी कृतीत उतरवावयाची असेल, तर अंगणातील कडुनिंब राखणे, धुऱ्यावरची बाभूळ न तोडणे आणि उन्हाळ्यात वळचणीखाली पाण्याचे उथळ भांडे ठेवणे हे अधिक फलदायी होय. अशा घराच्या परिसरात खार आपण होऊन राहते, आणि तिच्या वर्तनाचे निरीक्षण करू इच्छिणाऱ्या अभ्यासकास त्याहून चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण आहे.